पावणेचार फुटांवरून

"बस गो," हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य.

नोकरीचा पहिला दिवस होता. नवा ड्रेस, हातात कॉलेजातल्या ड्रॉइंगची फाइल, आणि समोर पिकल्या मिशांचा, गळ्यात नॅपकिन टाकलेला एक माणूस मला बस म्हणतोय. बरं वाटलं. मग बघितलं तर त्यांनी पुढे ओढलेली खुर्ची म्हणजे व्हीलचेअर होती. भंगारवाल्याकडून आणलेली, रेक्झिन फाटलेली.

"यात बसू?"

"मग काय, सिंहासन मागवू?"

बसले. त्यांनी मला ढकलत ऑफिसच्या रिसेप्शन काउंटरसमोर नेऊन उभं केलं. म्हणजे बसलेलंच उभं केलं. "काय दिसता?" म्हणाले. मी म्हटलं, काउंटरची फळी. "फळीच्या मागे?" काही नाही. "फळीच्या मागे बाई बसलीय. सकाळपासून बसलीय. तुला ती दिसत नाय, कारण हे काउंटर उभ्या माणसाने काढलंय." तेवढ्यात फळीमागून आमची रिसेप्शनिस्ट उठली आणि हसत मला हात केला. तिला हे पाठ होतं. ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला या परीक्षेतून जावं लागायचं, कुरिअरवाल्यालासुद्धा.

ऑफिस घाटकोपरला, एका आर्किटेक्टचं. हे तिथे ड्राफ्ट्समन. ड्रॉइंग बोर्डवर शाईने काढायच्या काळापासून होते, कॉम्प्युटर आले तेव्हा तेही शिकले, पण माउसला शेवटपर्यंत शिव्या घातल्या. सगळे त्यांना काका म्हणायचे. मूळ मालवणकडचे, घरच्या पोरीला म्हणावं तसं ते 'गो', म्हणजे आपलं 'गं', तिथलंच; जन्म भांडुपचा. एरवी आपल्यासारखं मुंबईचं मराठी बोलायचे, राग आला की मालवणीत शिरायचे, आणि राग त्यांना दिवसातून चारदा तरी यायचा.

पावणेचार हा त्यांचा आकडा. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर असतात. ऑफिसच्या प्रत्येक भिंतीवर, दरवाजाच्या चौकटीवर, टॉयलेटच्या टाइल्सवरसुद्धा त्यांनी त्या उंचीला पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवली होती. नवीन रंग दिला की दुसऱ्या दिवशी रेघ परत हजर. सर, म्हणजे आमचे मालक, आधी ओरडायचे, मग त्यांनी नाद सोडला.

घरात कोणी आजारी आहे का, असं मी एकदा विचारलं. चूक केली.

"घरात कोणी आजारी असलं तरच डोकं चालवायचं काय? मोजता येतं म्हणून मोजतो. तू जिना काढतेस तेव्हा तुझ्या घरात कोणी चढत नाय म्हणून पायऱ्या वगळतेस?"

त्यांच्या खिशात कायम सुतळीचा गुंडा. ही त्यांची दुसरी गंमत. व्हीलचेअरवर कोणालातरी बसवायचं, सुतळीचं एक टोक त्याच्या डोळ्याशी धरायचं, दुसरं जे बघायचंय तिथे, आणि ताणायची. मध्ये कुठे अडली की काम रद्द. "सुतळी अडली की नजर अडली." कॉम्प्युटरवर हेच दोन मिनिटांत होतं, मी करून दाखवलं. ते म्हणाले, तुझ्या कॉम्प्युटरातली माणसं उठून उभी राहत नाहीत.

हे वाक्य मला तेव्हा समजलं नाही. मुलुंडच्या एका मैदानावर समजलं. तिथे पॅव्हेलियनची दुरुस्ती चालली होती आणि काँट्रॅक्टरने कोपऱ्यात जमिनीलगत सिमेंटचा एक चौकोन करून त्याला 'व्हीलचेअर एरिया' नाव दिलं होतं. काका त्याला म्हणाले, बस. तो पोटाचा घेर सावरत बसला. "दिसतं?" "एकदम झकास दिसतं काका, पूर्ण ग्राउंड." काकांनी काम करणाऱ्या दोन गवंड्यांना बोलावलं आणि त्याच्यासमोर चार फुटांवर उभं केलं. "आता छक्का गेला. पुढचे लोक उठले. दिसतं?"

"काका, लोक काय सारखे उठतच असतात का?"

"कबड्डीच्या शेवटच्या दोन मिनिटांत बसलेला माणूस दाखव मला, मी मिशी काढतो." मग मालवणी सुरू झाली. "मेल्या, बघूक इल्यार माणूस काय बघता? ह्येंच्यो पाठी?"

तो चौकोन तोडावा लागला. काँट्रॅक्टर पुढे महिनाभर आमचा फोन उचलत नव्हता.

सगळ्यात कहर त्यांच्या पुतण्याच्या लग्नात झाला. मंगलाष्टकं सुरू झाली, हॉल उभा राहिला, आणि काका मागच्या रांगेत खुर्चीवर घट्ट बसून. काकूंनी कोपर मारलं तरी ऊठ नाही. वर "बसा रे खाली, नवरा दिसना नाय!" अशी आरोळी. लोकांना वाटलं, काका दुपारीच लावून आलेत. काकू मला सांगताना हसत होत्या, पण डोळ्यांत राग होता. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात कोणाकडे जायचं म्हटलं की आधी मी हात जोडते यांच्यापुढे."

तर अशा माणसाकडे एके दिवशी एक अर्ज आला.

भांडुपच्या एका क्रीडा मंडळाचं मैदान नवीन करायचं काम आमच्याकडे होतं. कबड्डीचं मैदान, बाजूला चार पायऱ्यांची बैठक, कपडे बदलायच्या खोल्या. मंडळाच्या सेक्रेटरीने फाइलीत एक कागद घालून पाठवला आणि वर चिकटवलं, 'काहीतरी करा.' कागद एका बाईंचा होता. त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरला बसायच्या. स्वतः शाळेत कबड्डी खेळलेल्या. पुढे मणक्याच्या दुखण्यात पाय गेले. मुलगी मंडळाच्या संघात, चढाई करणारी. अर्जात एवढंच होतं, की मुलगी पाच वर्षं खेळतेय आणि मी तिला एकदाही मैदानात खेळताना बघितलेलं नाही. मी मैदानात असते, पण मला दिसत नाही.

काकांनी तो कागद वाचला, घडी घालून खिशात सुतळीशेजारी ठेवला. त्या दिवशी ते कोणावर ओरडले नाहीत. मला भीतीच वाटली.

त्यांनी बाईंना ड्रॉइंग बघायला बोलावलं. आता ऐका. लोकांसाठी रॅम्प काढणारं आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. ताई भावाबरोबर आल्या आणि खाली फुटपाथवरच थांबल्या. सर म्हणाले, "चारजण मिळून उचलून आणूया ना." काका सरांवर असे भडकले, की खालचा वडापाववाला मान वर करून बघायला लागला. "ती काय गोदरेजचं कपाट आहे?" मग ड्रॉइंगचं भेंडोळं घेऊन आम्ही सगळे खाली. सरांच्या स्कूटरच्या सीटवर कागद पसरला, एक टोक मी धरलं, एक ताईंच्या भावाने.

"जय भीम साहेब," ताई म्हणाल्या. "मला फार मोठं काही नको. पोरगी रेडला जाते ना, तेव्हा तिचे पाय बघायचेत. चेहरा फोनवर दिसतो. पाय दिसत नाहीत. तिचा डावा पाय कच्चा आहे असं कोच सांगतो, मला बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"ताई, पाय दिसतील," काका म्हणाले. "मध्यरेषेपासून बोनस लाइनपर्यंत पाय दिसतील. माझा शब्द."

मी त्यांना कोणालाही शब्द देताना तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

मग दोन महिने पायऱ्यांच्या बाजूला व्हीलचेअरसाठी बांधायचा ओटा हेच आमचं जगणं. साडेतीन फूट उंच, म्हणजे पुढचा माणूस उभा राहिला तरी वरून नजर जाते. एक फूट चढायला बारा फूट रॅम्प, त्यामुळे बेचाळीस फुटांचा रॅम्प, मध्ये थांबायला सपाट जागा. सर म्हणाले, काका, जागा कुठाय? काका म्हणाले, फ्लेक्सला सापडते ती जागा रॅम्पला पण सापडेल. कठडा बसवला तर जाड पाइप बरोब्बर बसलेल्याच्या डोळ्यांसमोर. तो कापून खाली घेतला, वर बारीक सळ्या. प्रत्येक वेळी ती खुर्ची, ती सुतळी. चार व्हीलचेअर आणि त्यांच्यासोबतच्या चार माणसांची जागा. सोबतचा माणूस शेजारी बसला पाहिजे, मागे उभा नाही, यासाठी वेगळं भांडण. मीही भांडायला शिकले.

एका गोष्टीवर मात्र आमचंच जुंपलं. ओट्यावर पाटी काय लावायची? मी निळ्या चौकोनातलं व्हीलचेअरचं चित्र घातलं होतं. काकांनी खोडलं.

"चित्र लावलं की लोक चित्र बघतात. ती प्रेक्षक आहे गो. सर्कशीतली नाय."

"मग दिव्यांगांसाठी असं लिहू?"

"कशाला? पायऱ्यांवर काय लिहितेस, दोन पायवाल्यांसाठी? फक्त 'राखीव' लिही. ज्याला कळायचं त्याला कळेल."

मी ड्रॉइंगमध्ये टाइप केलं, राखीव. पांढऱ्यावर लाल अक्षरं, सहा इंच उंच. पाटी तशीच रंगवून आली. मला ती चांगलीच वाटली, खोटं कशाला बोलू.

नव्या मैदानावर मंडळाची स्पर्धा झाली, तिच्या अंतिम सामन्याच्या दिवशी आम्ही संध्याकाळी पाच वाजता पोचलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ताई भावाबरोबर आमच्या आधीच येऊन रॅम्पच्या तोंडाशी थांबल्या होत्या. वर जात नव्हत्या. मी मान वर करून बघितलं.

ओट्यावर तीन सोफे. मरून रंगाचे, पांढरी कव्हरं घातलेले. पुढे टीपॉय, त्यावर पाण्याच्या बाटल्या, काजूच्या वाट्या. कठड्याच्या बारीक सळ्यांवर, ज्या आम्ही दोनदा बदलून घेतल्या होत्या, सगळ्यांवर एक सलग फ्लेक्स. हार्दिक स्वागत, आणि हात जोडलेले सतरा चेहरे.

सेक्रेटरी हसत हसत आला. छातीला बिल्ला, तोंडात पान. "काका! मानलं तुम्हाला! मागच्या वर्षी सोफे चढवताना पोरांची कंबर मोडली होती. यंदा रॅम्पवरून सर्रकन वर गेले!"

काका वर सोफ्यांकडेच बघत होते. मी म्हटलं, "अहो, ही जागा व्हीलचेअरसाठी आहे. अर्ज तुम्हीच पाठवला होता ना?"

तो खरंच गोंधळला. आजही मला तो चेहरा आठवला की हात शिवशिवतात, कारण त्यात लबाडी नव्हती. "मॅडम, पाटीवर राखीव लिहिलंय ना? तुमच्याच ड्रॉइंगमध्ये. राखीव म्हणजे मान्यवर. अजून कोण?"

राखीव म्हणजे मान्यवर! या शहरात बसायच्या जागेवर राखीव लिहिलं की शेंबड्या पोरालाही हाच अर्थ कळतो, आणि आम्ही दोन शहाणे दोन महिने इंच मोजत बसलो, तो एक शब्द मोजायचा राहिला. काका ताईंकडे वळून काहीतरी पुटपुटले. माफी मागत असावेत.

ताई हसल्या. "साहेब, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? राखीव जागेवर दुसरेच बसलेले आम्ही काय आज बघतोय का?"

काका रॅम्प चढून वर गेले. मी मागे. सोफ्यावर चारपाच लोक आले होते, सफारीवाले, कुर्तेवाले. काका म्हणाले, उठा. एकाने विचारलं, आपण कोण? "ह्यो ओटो मी काढलंय." ते सगळे एकदम खूश झाले. "अरे वा! या ना काका, बसा, बसा!" म्हणत सरकून त्यांनी जागा केली, एकाने पाण्याची बाटली पुढे केली. शिवी दिली असती तर काका लढले असते हो. या आदरातिथ्याशी कसं लढायचं? काका वाकले आणि फ्लेक्सची गाठ सोडायला लागले. दोन कार्यकर्त्यांनी त्यांना दंडाला धरून, अगदी जपून, खाली आणलं. "काकांना जरा सावलीत बसवा रे."

ताईंना मैदानाच्या कोपऱ्यात नेलं. खुर्च्यांच्या चौथ्या रांगेमागे, मोठ्या पंख्याजवळ. वारं येतं ना, म्हणाले.

सामना सुरू झाला. पहिला अर्धा तास लोक खुर्च्यांवर होते, ताईंना मान वाकवून तुकड्यातुकड्यांत काहीतरी दिसत होतं. शेवटची पाच मिनिटं आली, गुण बरोबरीत, आणि अख्खी गर्दी उठली. पुढे पाठीच पाठी. मी ओरडले, बसा, बसा ना जरा! कोणी ढुंकून बघितलं नाही. एक भला माणूस मात्र वळला. "ताई, मोबाइलवर बघा ना, लाइव्ह चालू आहे," म्हणून त्याने स्वतःचा फोन ताईंच्या हातात दिला. मॅटपासून पंधरा पावलांवर त्या आपल्या मुलीचा सामना पाच इंचाच्या काचेवर बघायला लागल्या.

आणि ते लाइव्ह अर्धा मिनिट मागे होतं.

शेवटची चढाई तिचीच होती. फोनवर अजून दुसऱ्या संघाची चढाई चाललेली, आणि मैदानात शिट्टी वाजली, लोकांनी उड्या मारल्या, कोणीतरी ताशा बडवला. "दोन मारले! दोन मारले!" शेजारची बाई ताईंना मिठी मारून नाचायला लागली. "ताई, तुमच्या पोरीने मॅच मारली!" ताई हसत होत्या, मान डोलावत होत्या, पण डोळे त्या फोनवर. फोनमध्ये त्यांची मुलगी अजून मध्यरेषेवर वाकून, मॅटला हात लावून कपाळाला लावत होती. इतक्यात कोणाचातरी फोन आला आणि चित्र गेलं. माणसाने घाईघाईत "सॉरी ताई, बायकोचा आहे," म्हणून फोन घेतला.

काका शेजारीच उभे होते. त्यांनी सगळं बघितलं.

पोरगी पदक गळ्यात घालून धावत आली. घामाने चिंब. आईच्या मांडीवर डोकं ठेवून मग एकदम वर बघत म्हणाली, "आई, बघितलंस ना? डावा पाय टाकला मी! कोच म्हणतो ना कच्चा आहे, डावाच टाकला! बघितलंस?"

"बघितलं की," ताई म्हणाल्या. "मस्त टाकलास."

मला रडू आलं, आणि राग इतका आला की आठ दिवस मी कोणाशी नीट बोलले नाही. ऑफिसात, घरी, रिक्षावाल्याशी, सगळ्यांशी भांडले. सरांना म्हटलं, पत्र लिहूया, वर्तमानपत्रात देऊया. सर म्हणाले, बघू.

पंधरा दिवसांनी काम पूर्ण झाल्याचा कागद आला. त्यावर आमच्या ऑफिसची सही हवी होती, मग मंडळाला पुढची मंजुरी मिळणार. एका ओळीत लिहिलेलं, 'व्हीलचेअर प्रेक्षकांची बैठक वापरात आहे.' असे कागद नेहमी काका तपासून सही करायचे, मग सर. काकांनी ती ओळ वाचली आणि पेन खाली ठेवलं. "वापरात आहे, पण कोणाच्या?" म्हणाले. सर समजावत होते, चिडत होते, हात जोडत होते. काका म्हणाले, आधी पाटी बदला, सोफे काढल्याचं मंडळाकडून लिहून आणा, मग सही. नायतर माझा हात मोडला असं समजा.

सरांनी कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला. म्हणाले, तू साइटवर होतीस, तुला सगळं माहीत आहे, तुझी चालेल. अडवून काय होणार आहे? पाटी आपण नंतर बदलून घेऊ, मी शब्द देतो.

मी खूप विचार केला असं सांगायला आवडलं असतं. दहा मिनिटं केला. नोकरी नवीन होती, सर वाईट नव्हते, रॅम्पचा उतार बरोबर, उंची बरोबर, सळ्या बरोबर. केली सही.

पाटी कोणी बदलली नाही. ओट्यावर आजही सोफे मांडतात, मी मागच्याच महिन्यात बघून आले. ताईंच्या पोरीचा पुढच्या मोसमाआधी सरावात गुडघा गेला, डावाच, आणि खेळ सुटला. ताईंना ते पाय बघायचे होते, ते राहूनच गेलं. आता मुलगी भांडुपला एका मोबाइलच्या दुकानात असते. आई तिला सोडायला जाते, असं ऐकलंय. मी कधी भेटायला गेले नाही. काय तोंड घेऊन जाऊ?

सही केली त्या दिवशी संध्याकाळी मी काकांच्या टेबलाशी गेले. ते सामान आवरत होते. मला वाटलं, ओरडतील. ओरडावेत म्हणूनच गेले होते. मेल्या-बिल्या सगळं ऐकून घेतलं असतं. मी आपणहून म्हटलं, "काका, काम ड्रॉइंगप्रमाणे झालंय ना पण?"

त्यांनी चष्मा काढून नॅपकिनने पुसला, परत लावला. उठून उभे राहिले. मी आल्यावर ते कधीच उभे राहायचे नाहीत.

"हो मॅडम," म्हणाले. "अगदी ड्रॉइंगप्रमाणे झालंय. तुम्ही सही केलीत, ती बरोबरच आहे."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी सुटले असते. पुढे दीड वर्षाने ते रिटायर झाले, तोवर रोज माझ्याशी नीट बोलले, काम शिकवलं, माझ्या चुका काढल्या, आणि त्या दीड वर्षात एकदाही मला 'गो' म्हणाले नाहीत.